स्टॉकबुकात नसलेली पाठ

कुठल्याही वॉर्डात ड्युटी बदलताना आधी मोजदाद होते. थर्मामीटर किती, कात्र्या किती, बीपीचं यंत्र चालू की बंद, ऑक्सिजनची सिलिंडरं भरलेली किती, रिकामी किती, चादरी धोब्याकडे किती गेल्या आणि परत किती आल्या. एक आर्टरी फोर्सेप कमी भरली तर संध्याकाळची सिस्टर सकाळच्या सिस्टरला घरी जाऊ देत नाही. आणि बरोबरच करते, कारण तिने सही केली की ती तूट तिच्या नावावर चढते. मॅकिंटॉश म्हणजे खाटेवर घालायचं रबरी कापड. ते फाटलं तरी आपल्या मनाने फेकता येत नाही. निर्लेखनाचा कागद होतो, त्यावर सह्या होतात. इतक्या काटेकोर हिशेबात एक गोष्ट मात्र कुठल्याच रजिस्टरला लागलेली नाही, आणि वॉर्ड तर रोज तिच्याच जोरावर चालतो. नर्सची पाठ. ती पगारातच आलेली असते, तिचा घसारा कोणी धरत नाही, आणि ती गेली की तोवर नवी बॅच पास होऊन दारात उभी असते.

माझी गेली ती हाडांच्या वॉर्डात. ‘गेली’ म्हणताना एखादा दिवस डोळ्यांपुढे यावा तसा काही येत नाही. डॉक्टरांनी विचारलं, “सिस्टर, कधी लागलं?” लागलं नव्हतंच. आधी सकाळी उठताना कंबर धरायला लागली, मग वॉर्डातून घरी आल्यावर चपला काढायला वाकवेना, मग एका पावसाळ्यात डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत वीज उतरावी तशी कळ उतरायला लागली आणि पायाच्या अंगठ्याला मुंग्या आल्या. कार्यालयात द्यायच्या अर्जात रकाना होता: अपघाताचा दिनांक व वेळ. कारकून भला माणूस होता. म्हणाला, “मॅडम, काहीतरी एक तारीख टाका, नाहीतर वरून परत येतो.” जिन्यावरून पडले असते तर अर्ज सरळ गेला असता. झिजले होते, आणि झिजण्याला तारीख नसते. अर्ज परत आला.

हाडांचा वॉर्ड बाहेरून तसा शांत दिसतो. तिथे कोणी धापा टाकत नसतं, मॉनिटर ओरडत नसतात. माणसं नुसती पडून असतात, आणि सगळी अडचण त्या पडून असण्याचीच असते. कोणाची मांडी मोडलेली, पाय वजनं लावून ताणलेला. कोणाला कंबरेपासून प्लास्टर. यांचं सगळं खाटेवर. माणसाचा एक पाय त्याच्या एकूण वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका भरतो. साठ किलोच्या माणसाचा एक पाय दहा किलोच्या आसपास झाला, आणि त्यावर ओलं प्लास्टर असेल तर विचारूच नका. हा पाय एका हाताने टाचेखाली आणि दुसऱ्या हाताने गुडघ्याखाली धरून, खाटेवर ओणवं होऊन, दुसरी सिस्टर खालून चादर ओढेपर्यंत अधांतरी धरायचा. तोही हलू न देता. हलला तर माणूस ओरडतो, आणि त्याचं ओरडणं खरं असतं.

आमच्या खाटा जुन्या, लोखंडी. पायथ्याशी फिरवायचा दांडा होता, पण बहुतेकांचे दांडे गंजून बसलेले आणि उरलेल्यांचे हरवलेले. खाट उंच करता येत नाही म्हटल्यावर नर्सनेच खाली जायचं. दिवसा वॉर्डात मामा-मावशी असतात, विद्यार्थिनी असतात. रात्री एक सिस्टर, एक मावशी आणि पंचवीस-तीस रुग्ण. मावशीही पन्नाशीची, तिचीही कंबर आमच्यासारखीच. दोघी एका खाटेपासून सुरुवात करायचो. मी खांद्याखाली आणि ढुंगणाखाली हात घालायचे, ती पलीकडून चादर धरायची, ‘एक, दोन, तीन’ म्हणून माणूस कुशीवर घ्यायचा, पाठीवर लाली आली आहे का बघायची, पुसून, पावडर लावून, उशी देऊन सोडायचा. शेवटच्या खाटेपर्यंत पोचलो की पहिल्या खाटेची वेळ झालेली असायची. जो स्वतः हलू शकत नाही त्याला दर दोन तासांनी वळवावं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. वळवणाऱ्या बाईने दर दोन तासांनी काय करावं, याचा धडा त्या पुस्तकात नाही.

धडा आहे, पण वेगळा. त्याचं नाव ‘बॉडी मेकॅनिक्स’. पाय फाकून उभ्या राहा, गुडघ्यात वाका, कंबरेत वाकू नका, वजन छातीशी धरा, अंगाला पीळ देऊ नका. परीक्षेत यावर पाच मार्क असतात आणि ते सगळ्यांना मिळतात. हे नियम बहुधा जमिनीवरचं खोकं उचलण्यासाठी केलेले असावेत. खोक्याजवळ जाऊन गुडघ्यात वाकता येतं. खाटेवरच्या माणसाजवळ कसं वाकणार? मध्ये खाटेची कड, सलाइनचा स्टँड, खाली लघवीची पिशवी, बाजूला ट्रॅक्शनची वजनं. हात लांब करूनच पोचावं लागतं, आणि लांब केलेल्या हातावर आलेलं वजन मणक्याला कित्येक पटीने जड पडतं. स्वीडनच्या आल्फ नॅकेमसन या अस्थितज्ज्ञाने साठच्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. आडवं पडलं की सर्वांत कमी, उभं राहिलं की जास्त, आणि हातात वजन घेऊन पुढे वाकलं की कैक पट. पुढे २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तोवर झालेल्या अभ्यासांचा एक आढावा आला. कसं उचलावं हे नुसतं शिकवल्याने कंबरदुखी टळते याला पुरावा सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष. मला तो वाचून रागही आला आणि बरंही वाटलं. बरं यासाठी, की ‘तुम्ही नीट उचलत नाही’ हे वाक्य मी बरीच वर्षं खाली मान घालून ऐकलं होतं.

आता वजनाची गोष्ट. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने वजन उचलण्याचं एक सूत्र केलं आहे. सगळं अगदी सोयीचं असताना एका माणसाने उचलायची मर्यादा त्यात २३ किलो धरली आहे. रुग्ण हाताळताना ती कमी करून साधारण १६ किलोवर आणावी, असं त्याच संस्थेतल्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये मांडलं. आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात ३४ वं कलम होतं: पुरुषाने, बाईने, अल्पवयीन मुलाने किती वजन उचलावं याची कमाल मर्यादा राज्य सरकारला ठरवून देता येत असे. महाराष्ट्रात हमालांसाठी १९६९ पासून स्वतंत्र माथाडी कायदा आहे आणि त्यामागे मोठी चळवळ आहे. हे सगळं असायलाच हवं. पण मोंढ्यातलं पोतं निदान गप्प पडून असतं. ते मध्येच घाबरून गळ्याला मिठी मारत नाही, घसरत नाही, त्याला लाज वाटत नाही आणि ते उचलून झाल्यावर त्याच्याकडे बघून हसावं लागत नाही. पोत्याचं वजन ठरवणाऱ्या देशात रुग्णाच्या वजनाबद्दल नर्सला कोणी काही सांगत नाही, कारण आम्ही वजन उचलतो हेच कोणाला दिसत नाही. आम्ही ‘सेवा’ करतो.

माझा एमआरआय झाला तेव्हा त्या बोगद्यात पडून मी मनातल्या मनात रिपोर्ट लिहून काढला होता, आणि तो बराचसा तसाच आला. एल-फोर एल-फाइव्ह, डाव्या बाजूला, नस दाबलेली. रिपोर्ट हातात पडल्यावर माणूस स्वतःला त्या कागदासारखाच बघायला लागतो, म्हणून इथे एक गोष्ट सांगून ठेवते. काहीही दुखत नसलेल्या माणसांचे फोटो काढले तरी त्यांत गादी सरकलेली दिसते. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची बेरीज प्रसिद्ध झाली. विशीतल्या न दुखणाऱ्या माणसांपैकी ३० टक्क्यांच्या फोटोत गादी फुगलेली होती आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांच्या. तेव्हा फोटोला घाबरू नये. घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघेच्या आतल्या बाजूला बधिर झालं, पाऊल लोंबायला लागलं, तर त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. बाकी पायात उतरणारी कळ बहुतेकांची काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, ऑपरेशनवाचून उतरते. माझीही उतरली. कंबर मात्र पूर्वीची झाली नाही.

आजारी नर्सला सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. आत्याने फरशीवर झोपायला सांगितलं. शेजारच्या काकूंनी कटिबस्ती घ्यायला लावली; उडदाच्या पिठाचं आळं पाठीवर थापून त्यात कोमट तेल भरून पडून राहायचं, आणि खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात फार बरं वाटायचं. सासरच्या गावी पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते म्हणतात. तिथला एक पायाळू पोरगा, नववीतला, सासूबाईंनी बोलावून आणला. बिचारा लाजून चूर झाला होता. “सिस्टरला लाथ कशी मारू?” म्हणाला. त्याने हळूच पायाचा अंगठा टेकवला, नारळ घेतला आणि पळाला. उसण त्याने गेली नाही, पण त्या दिवसांत मनापासून हसले ती तेव्हाच. डॉक्टरांनी मात्र पडून राहू नका, चाला, असंच सांगितलं. पूर्वी महिना-महिना झोपवून ठेवायचे, ती पद्धत आता गेली. चालायचं, दुखेल तेवढं सोसायचं, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम करायचे. आणि घरात भरलेलं सिलिंडर, पाण्याचा हंडा, लहान दांड्याचा झाडू यांच्यापासून लांब राहायचं. हा शेवटचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या घरी झाडू कोण मारतं, हे विचारायचं राहून गेलं.

रजा संपून परत गेले तेव्हा हातात चिठ्ठी होती: वजन उचलू नये, हलकं काम द्यावं. ‘लाईट ड्युटी’ हे शब्द वॉर्डात कसे उच्चारले जातात ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. “तुझं बरं आहे बाई, खुर्ची मिळाली.” “आम्हाला पण द्या की एखादी गादी सरकवून.” यातली निम्मी थट्टा, निम्मं खरं. आणि खरं ते नाकारण्यात अर्थ नव्हता. वॉर्डातले रुग्ण माझ्या चिठ्ठीमुळे हलके झालेले नव्हते. मी जी खाट वळवत नव्हते ती दुसरी कोणीतरी वळवत होती. माझ्या जागी बदली आलीच नव्हती. एकदा चहाच्या वेळी माझ्याच बॅचची एक मैत्रीण, अजिबात न रागावता, म्हणाली, “तुझ्या पाठीवरचं उतरलं ते आमच्या पाठीवर चढलं ना गं.” तिला उत्तर द्यायचं तर मनुष्यबळाचा तक्ता काढून दाखवायला हवा होता. इतकी पदं मंजूर, इतकी रिक्त. पण तक्त्याला पाठ नसते आणि तिला होती. मी तिची औषधांची ट्रॉली लावून द्यायला लागले, तिचे इंडेंट लिहायला लागले, रात्रीचे रिपोर्ट लिहून द्यायला लागले. हिशेब बरोबर झाला असं म्हणणार नाही. हलकं काम ज्याला मिळतं त्याने ते गुन्हेगारासारखं करायचं आणि ज्याला जड मिळतं त्याने चिडून करायचं, अशी वाटणी करणारा मात्र तिसराच कोणीतरी असतो आणि तो वॉर्डात फिरकत नाही.

मग मला ओपीडीत पाठवलं. इंजेक्शनं, ड्रेसिंग, लसीकरणाचा दिवस. काही जणींना ते काम म्हणजे वनवास वाटतो. मलाही आधी वाटलं. बेडसाइड सुटलं की नर्सपण सुटलं, असं आमच्याच लोकांनी मनात भरवलेलं असतं. ते तसं नाही हे कळलं, तरी मी परत वॉर्डात जायचं ठरवलं. माझ्या अटींवर, म्हणजे माझ्या कंबरेच्या अटींवर. पहिली गोष्ट केली ती स्टूल मिळवलं. सलाइन लावताना, शीर शोधताना, ड्रेसिंग करताना वाकून उभं राहायचं नाही, बसायचं. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यावरून केवढा गहजब. आमच्या शिक्षणात ड्युटीवर बसणं म्हणजे कामचुकारपणा. नातेवाइकांनी तक्रार केली की सिस्टर बसून असतात. मेट्रन मॅडमनी बोलावून घेतलं. मी त्यांना म्हटलं, “मॅडम, बसून लावलेलं सलाइन उभं राहून लावलेल्यापेक्षा वेगळं चालतं का?” त्यांच्याही कंबरेला पट्टा होता, साडीच्या आत. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि स्टोअरमधून आणखी दोन स्टुलं काढून दिली.

दुसरी गोष्ट मी ठरवून केली नाही, ती पाठीने करवून घेतली. मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालेले एक आजोबा होते, गुऱ्हाळावर आयुष्य काढलेले, अंगाने दणकट. पूर्वी त्यांना बेडपॅन द्यायचा तर मी आणि मावशी मिळून त्यांना उचललं असतं, पॅन सरकवला असता, संपलं, मिनिटभराचं काम. आता उचलणं बंद. मी त्यांच्या डोक्याशी उभी राहिले. “आजोबा, तुमच्या डोक्यावर कडी टांगलीय ती दोन्ही हातांनी धरा. चांगला पाय गुडघ्यात दुमडा. टाच गादीत रोवा. आता मी सांगते तेव्हा टाच दाबायची आणि कमरेखालचा भाग वर घ्यायचा. ऑपरेशनच्या पायाला काही करायचं नाही, तो मावशी धरतील.” पहिल्यांदा चार बोटंसुद्धा उठले नाहीत. शिव्या दिल्या, मला नव्हे, कडीला. दुसऱ्यांदा पॅन जाईल इतके उठले. तिसऱ्या दिवशी मी येण्याआधीच कडी धरून तयार. “बाई, सरकवा.” त्यांची सून म्हणाली, “पहिल्यापासून असंच का नाही सांगितलं?” पहिल्यापासून असं सांगायला वेळ नव्हता. माणसाला उचलणं त्याला शिकवण्यापेक्षा नेहमीच झटपट होतं, आणि ज्या वॉर्डात माणसं कमी असतात तिथे झटपट तेच चालतं. आम्ही दणकट पाठीच्या होतो तोवर कित्येक रुग्णांना, ते जे स्वतः करू शकत होते तेही करू दिलं नाही. आजोबा ठरल्याच्या आधी वॉकर धरून उभे राहिले. त्यांच्या मनगटात जोर होता म्हणून, हे खरंच. पण त्या जोराला रोज कामही मिळत होतं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं आहे, आणि त्यावरून सहकाऱ्यांशी वादही झाले आहेत: उचलणं म्हणजे नर्सिंग नव्हे. उचलणं म्हणजे उपकरणाच्या आणि माणसाच्या कमतरतेची भरपाई. नर्सिंग म्हणजे कोणाला कधी वळवायचं हे कळणं, टाचेवरची लाली फोड होण्याआधी दिसणं, ट्रॅक्शनच्या पायाची बोटं गार लागली तर ती का गार आहेत याचा छडा लावणं, ‘बरं वाटतंय’ म्हणणाऱ्या माणसाचा श्वास ऐकून डॉक्टरांना झोपेतून उठवणं. यातलं एकही काम कंबरेने होत नाही.

आमच्या लॅम्प लायटिंगला ज्यांचा दिवा हातात घेऊन आम्ही शपथ घेतो त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचं उदाहरण इथे आठवतं. क्रिमियाच्या युद्धातल्या त्या रात्रीच्या फेऱ्या १८५४ ते ५६ च्या, जेमतेम दोन वर्षांच्या. परत आल्यावर त्या आजारी पडल्या, आणि पुढे अनेक वर्षं त्यांनी पाठीच्या असह्य कळा काढत बिछान्यात घालवली. क्रिमियात झालेल्या ब्रुसेलोसिस या आजाराने त्यांचा मणका धरला असावा, असं १९९५ साली एका वैद्यकीय लेखात मांडलं गेलं. सेंट थॉमस रुग्णालयातली १८६० ची नर्सिंग शाळा, हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्यावरचं त्यांचं काम, कधीही न पाहिलेल्या आपल्या देशातल्या गटारांची आणि पाण्याची चौकशी, हे सगळं त्या आजारपणातलं, बरंचसं पडल्या पडल्या केलेलं. कॅलेंडरवर मात्र दिवा घेऊन चालणारी बाई छापतात. बिछान्यावर उशीला टेकून कागद लिहिणारी छापत नाहीत. नर्सने उभंच असलं पाहिजे ही हौस आपली, त्यांची नव्हे.

दुसरं उदाहरण मुंबईचं, आणि ते सांगताना आवाज खाली येतो. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या त्या १८ मे २०१५ ला गेल्या. जवळजवळ बेचाळीस वर्षं. त्यांच्या दयामरणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा रुग्णालयाने आवर्जून सांगितलेली एक गोष्ट म्हणजे इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर झाला नाही. त्या निकालावर दयामरणाच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यातलं हे एक वाक्य दिसतं. नर्सला त्याचा अर्थ लगेच कळतो. बेचाळीस वर्षं, दिवसा-रात्री, दिवाळीला, संपात, २६ जुलैच्या पुरात, कोणीतरी ओणवं होऊन त्यांना कुशीवर घेतलं. किती बॅचेस आल्या आणि निवृत्त झाल्या. त्या परिचारिकांचं कौतुक झालं, ते योग्यच. त्यांच्यातल्या कितीजणी निवृत्तीनंतर जिना उतरताना कठडा धरतात, हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. त्यांच्याही आलं नसेल.

माझी एक मैत्रीण इंग्लंडला गेली. तिथे रुग्ण हाताळण्याचे नियम १९९२ पासून कायद्याने बांधलेले आहेत. तिचा पहिला फोन मला अजून आठवतो. “अगं, इथे उचललं म्हणून ओरडा बसतो!” वॉर्डात होइस्ट असतो, म्हणजे माणसाला झोळीत बसवून वर घेणारं यंत्र. माणूस गादीवर सरकवायला गुळगुळीत कापड असतं, स्लाइड शीट म्हणतात. स्वर्ग आहे असं तिने सांगितलं नाही. कंबरा तिकडेही दुखतातच, होइस्ट शोधायला वेळ नसतो, बॅटरी उतरलेली असते. पण उचलणं हा तिथे गुण मानत नाहीत. कोविडात आपल्याकडे व्हेंटिलेटरवरच्या माणसांना पालथं घालावं लागायचं, पीपीई किट घालून, चार-पाच जणांनी मिळून, नळ्या सांभाळत. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांबरोबर एकेक स्लाइड शीट दिली असती तर जास्त उपयोगी पडली असती.

कायदा आपल्याकडेही अगदीच मुका नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाच्या २० व्या कलमात म्हटलं आहे, की सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचं पद खाली आणता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतलं दुसरं द्यावं लागतं. पण सरकलेल्या गादीला अपंगत्वाचा दाखला सहसा मिळत नाही, आणि मिळाला तरी आरक्षणासारख्या सवलतींना ४० टक्क्यांची अट आड येते. त्याहून कमी दुखणारी पाठ कागदावर धडधाकटच. आणि अकरा महिन्यांच्या करारावरची सिस्टर कलम २० काढून कोणाला दाखवणार? ती दुखणं लपवते. ओव्हरकोटच्या आत पट्टा बांधते, पेनकिलर गिळते आणि ऑर्डर पुन्हा निघेपर्यंत दात-ओठ खाऊन वाकते.

आता मी शिकवते. पुढचं शिक्षण नोकरी सांभाळून केलं, मागच्या बाकाशी उभं राहून, कारण बसून चार तास ऐकणं वाकण्याइतकंच जड जायचं. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. स्कूटीवरून पडून तिचा कंबरेचा मणका चेपला होता. हाड जुळलं होतं, दुखणं राहिलं होतं. घरचे म्हणत होते, सोड हे, बी.ए. कर, काका म्हणत होते, असल्या पाठीच्या मुलीला कोण नोकरी देणार. तिने मला विचारलं, “मॅडम, मी नर्स होऊ शकते का?”

मी तिला गोड काही सांगितलं नाही. म्हटलं, होशील, पण लपवून होऊ नकोस. प्रवेशाच्या तपासणीत, नोकरीच्या तपासणीत, इन्चार्ज सिस्टरला, सोबतच्या मुलीला आधी सांगायचं. ‘एकटी नाही उचलणार’ हे वाक्य आरशासमोर उभं राहून म्हणून बघायचं, कारण पहिल्या नोकरीत ते तोंडातून निघत नाही. व्यायाम हा औषधाच्या चार्टसारखा धरायचा, राहिला तर राहिला असं नाही. हाडांचा वॉर्ड आणि पक्षाघाताचा वॉर्ड कायमचा घ्यायचा नाही. डायलिसिस, लसीकरण, संसर्ग नियंत्रण, मधुमेहाचं समुपदेशन, नवजात बालकांचा कक्ष, शिकवणं, ही कामं दुय्यम नाहीत. त्यांना माणसं मिळत नाहीत. आणि जिथे तुला वाकायला लावून ‘सेवा’ म्हणतील ती नोकरी सोडायची. मुलगी वहीत लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, “आणि कोणी नाटक म्हणालं तर?” म्हणतीलच, असं मी तिला सांगितलं. ती सध्या तिसऱ्या वर्षाला आहे.

तिच्यासारख्या मुलींसाठी रुग्णालयाच्या खरेदी समितीत बसणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. नवं मशीन घ्याल तेव्हा त्याच मागणीपत्रात प्रत्येक वॉर्डासाठी स्लाइड शीट, चालू दांड्यांच्या चार खाटा आणि दोन स्टुलं लिहा. एका मोठ्या मशीनच्या वर्षभराच्या देखभालीच्या खर्चात ते सहज बसतं. आणि वाचकहो, तुमचं माणूस खाटेवर असेल आणि त्याला वळवायची वेळ आली, तर खोलीबाहेर जाऊन उभे राहू नका. मोबाइल खिशात घाला, हात धुवा आणि विचारा, “सिस्टर, मी कुठे धरू?” ती सांगेल.